लाल दोऱ्याची पाटी

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मी आयुष्यभरात किती ओळी लिहिल्या, त्याचा हिशेब नाही. कुठल्या पोराची जन्मतारीख अंदाजानं टाकली, कुणाच्या बापाचं नाव ऐकलं तसं उतरवलं. अशा चुका त्या काळी सगळेच मास्तर करत. पण त्या ओळींमधली एक मी जाणूनबुजून खोटी लिहिली. ती आजही एका शाळेच्या कपाटात आहे, आणि तिच्या झेरॉक्स प्रती निरनिराळ्या कचेऱ्यांत लागलेल्या आहेत. त्या ओळीबद्दल हे लिहितो आहे.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. आमचं घर राळेगावकडचं. सातवी पास झालो आणि मास्तरकीची हंगामी नेमणूक मिळाली ती पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दारव्हा तालुक्यात, बोरी अरबपासून दोन कोसांवरच्या एका गावात. जनपदाची शाळा, पुढे जिल्हा परिषदेकडे गेली ती. चारही वर्गांना मिळून मी एकटा मास्तर. गावच्या चावडीची मोठी खोली हीच शाळा. जेवणाची सोय पाटलांच्या घरी होती.

हंगामी म्हणजे काय, ते आजच्या मुलांना सांगावं लागेल. डिप्टीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, वर्षातून एकदा परीक्षा घ्यायला येत. त्यांच्या शेऱ्यावर मास्तर कायम व्हायचा किंवा घरी जायचा. माझं लग्न ठरलं होतं, पण मुलीच्या बापानं स्पष्ट सांगितलं होतं की आधी कायम व्हा, मग तारीख काढू. पाटलांच्या घरी हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाटलीणबाई वाढताना म्हणायच्या, "घ्या मास्तर, अजून एक भाकर घ्या. बायको आली का मोजून वाढीन तुमाले."

पाटील हसत. "आधी येऊ तं दे तिले. डिप्टीच्या हातात हाये सारं."

पहिलीत सात मुलं होती. त्यांना वाचायला मी कसं शिकवलं, हे आधी सांगतो, कारण सगळा दोष तिथून सुरू होतो.

पहिले तीन महिने मी रीतसर शिकवलं. राखेनं भरलेल्या लाकडी पाटीवर बोटानं अक्षर गिरवणं, मग दगडी पाटी, मग काना-मात्रा. पण चार वर्ग एकट्यानं सांभाळायचे म्हणजे पहिलीला दिवसातून अर्धा तासही मिळत नसे. मग मी सोपी वाट काढली. पुस्तकातला धडा मी चालीवर म्हणायचो, मुलं माझ्यामागून म्हणायची, बोट ओळीवरून फिरवायची. दिवाळीपर्यंत अख्खं पुस्तक सातांपैकी सहा जणांना तोंडपाठ झालं. शेतात जाणारे लोक चावडीपाशी थांबून ऐकायचे. एक म्हातारा रोज म्हणायचा, "वा रे मास्तर! पोट्टे तं भजनावानी म्हणून राह्यले."

मला त्याचा अभिमान वाटायचा. पाटलांचा मुलगा पहिलीत होता, हजेरीत पहिल्या क्रमांकावर. तो पुस्तक असं धरायचा आणि पान असं नेमक्या वेळी उलटायचा, की कुणालाही वाटावं पोरगा वाचतोच आहे. एके दिवशी मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. पुस्तक त्यानं उलटं धरलं होतं. तो घडाघडा म्हणत होता आणि बोट उलट्या ओळींवरून व्यवस्थित फिरत होतं. मी पुस्तक सुलटं करून त्याच्या हातात दिलं आणि चाल पुढे चालू ठेवली.

त्याच दिवशी मला कळायला हवं होतं. कळलंही होतं. मी ते मनावर घेतलं नाही.

सातवी होती तांड्यावरची मुलगी. गावाच्या पलीकडे नाल्याच्या काठी बंजाऱ्यांचा तांडा होता. एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहणारी ही माणसं आता तिथे घरं बांधून शेती करत होती. त्यांच्यातला एक जण मुलीला घेऊन शाळेत आला. गावात कुणी मुलगीच शाळेत घालत नव्हतं, आणि हा तांड्यावरचा माणूस घालायला निघाला होता. मी तिचं नाव दाखल केलं. जन्मतारीख त्याला सांगता येईना. "त्या साली गारपीट झालती," एवढंच तो म्हणाला. मी सात वर्षांचा हिशेब धरून एक जुलै टाकली.

ती दाराजवळ वेगळ्या पोत्यावर बसायची. मी तिला तिथे बसवलं नव्हतं, पण तिथून उठवून बाकीच्यांच्यात आणलंही नाही. तिच्या पाटीच्या लाकडी चौकटीला तिच्या आईनं लाल दोरा गुंडाळून दिला होता, कोपरे निसटू नयेत म्हणून. तिला मराठी फारसं येत नव्हतं. घरी त्यांची गोरबोली. बाकीची मुलं चालीवर म्हणू लागली की ती ओठ मिटून बसायची. त्या शब्दांचे अर्थच तिला ठाऊक नव्हते, तर चाल तरी कुठून पकडणार? मी तिच्याकडे बघून समजून बसलो की ही मंद आहे. मुलंही तिला मुकी म्हणत. मी त्यांना कधी हटकलं नाही.

संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. माझ्या वडलांचं कार्ड आलं होतं. मी ते वाचून टेबलावर ठेवलं आणि चौथीचं गणित तपासत बसलो. मधली सुट्टी होती. ती मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. कार्डावर बोट ठेवून ती एकेक अक्षर उच्चारू लागली, जणू ओल्या मातीतून एकेक पाऊल उचलून टाकावं तसं.

"नो... क... री... का... य... म... झा... ली... का."

मी वर पाहिलं. तिची नजर कार्डावरच खिळली होती. पुढची ओळही तिनं तशीच काढली. तिला ना चाल होती, ना ठेका. पण एकही अक्षर चुकलं नाही, आणि वडलांचं अक्षर काही छापील नव्हतं.

"कायम म्हंजे काय, गुर्जी?" तिनं विचारलं. सहा महिन्यांत तिनं मला विचारलेला तो पहिला प्रश्न.

दारात उभी असलेली दोन-तीन पोरं हसली. "गुर्जी, मुकी बोलली!"

मी कार्ड उचलून खिशात घातलं. "जा, जागेवर बस. मोठ्यांची पत्रं वाचू नये."

ती गेली. मग मला उमगलं की माझ्या पहिलीच्या वर्गात वाचता येणारं मूल एकच आहे. बाकीच्यांना शब्द कानांनी आधीच ठाऊक होते, म्हणून त्यांनी अक्षरं कधीच सोडून दिली. तिला शब्द माहीत नव्हते, म्हणून तिनं अक्षरं घट्ट धरून ठेवली. हे मला एकोणिसाव्या वर्षी स्पष्ट समजलं. ते कुणाला सांगण्याऐवजी मी फक्त घाबरलो.

होळीच्या आधी तिचा बाप शाळेत आला. दारातूनच म्हणाला, "राम राम गुर्जी. छोरी शिकून राह्यली का नुसतीच बसून राह्यली?"

"शिकते," मी म्हणालो.

"तांड्यात लोक हासतेत मले. म्हणतेत, पोरीले मास्तरीण करतं का रे? बकऱ्या कोण राखीन?" तो स्वतःच हसला, पण लगेच गंभीर झाला. "म्या नायकापुढं बोललो हावो. सायबाच्या परीक्षेत पास झाली तं पुढं शिकीन. नाई झाली तं बकऱ्या हायेतच. मंग मले कोणी काही म्हनू नये अन् म्या कोनाले काही म्हनू नये."

नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्याच्यापुढे दिलेला शब्द मोडत नसतात, एवढं मलाही ठाऊक होतं.

"होईल पास," मी म्हणालो.

डिप्टीसाहेब होळीनंतर येणार असा निरोप आला. मी पाठ घेतले. पुस्तक तर सगळ्यांना पाठच होतं. भीती होती ती श्रुतलेखनाची. साहेब एक वाक्य तोंडी सांगत आणि पहिलीच्या मुलांनी ते पाटीवर लिहायचं. मी एक वाक्य निवडलं, "बाबा बाजारातून गूळ आणतात." फळ्यावर लिहून आठवडाभर सगळ्यांकडून तेच गिरवून घेतलं. आठव्या दिवशी सहाही जण फळ्याकडे न बघता ते वाक्य काढू लागले. चित्र काढावं तसं. मला वाटलं, साहेबांना विनंती करून हेच वाक्य देववू.

साहेब सकाळी सायकलवर आले. बाहेरच्या जिल्ह्यातले होते, वागण्यात भले. पाटील त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. वाचन झालं. पाटलांच्या मुलानं धडा म्हटला आणि साहेब मान हलवत राहिले. "वा! फार सुरेख." पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "आमच्या मास्तरची मेहनत हाये साहेब, आमचं काय."

त्या मुलीला साहेबांनी वाचायला दिलं नाही. वेळ नाही, असं मीच पुटपुटलो.

मग श्रुतलेखन. मी म्हणालो, "साहेब, वाक्य मी सांगू का?"

"नको. मीच सांगतो." त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि सावकाश म्हणाले, "आज नदीला पाणी कमी आहे." दोनदा म्हणाले. मुलांच्या पेन्सिली पाट्यांवर किरकिरू लागल्या.

पाटील उठले. "साहेब, च्या तयार हाये. पोट्टे लिवतेत तवर घरी चला. पाच मिनिटाची गोष्ट."

साहेब मला म्हणाले, "पाट्या गोळा करून हजेरीच्या क्रमानं टेबलावर ठेवा. मुलांना थोडं बाहेर सोडा." आणि ते गेले.

मी पाट्या गोळा केल्या. पहिल्या नंबरची पाटलांच्या मुलाची, ती आधी घेतली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. सातवी, लाल दोऱ्याची, सगळ्यांत वर आली. मुलं बाहेर लिंबाच्या झाडाखाली कवायतीला उभी राहिली. चौथीतला एक मोठा मुलगा त्यांना "एक साथ" म्हणून ओरडत होता. खोलीत मी एकटाच.

वरच्या पाटीवर लिहिलं होतं, "आज नदीला पाणी कमी आहे." अक्षरं वाकडी, मोठी, पण सगळी जागच्या जागी.

खालची पाटी पाहिली. "बाबा बाजारातून गूळ आणतात." तिच्या खालची, तेच. सहाही पाट्यांवर तोच गूळ.

आज लिहिताना मला हसू येतं. तेव्हा आलं नाही. साहेब सहा पाट्यांवर न सांगितलेलं एकच वाक्य वाचतील, आणि वर्षभर मी काय केलं ते एका नजरेत ओळखतील. मला वडलांचं कार्ड आठवलं.

फळा पुसायचं ओलं फडकं घेतलं. वरून दुसरी पाटी, म्हणजे सहाव्या नंबरची, पुसली. डाव्या हातात पेन्सिल धरून लहान मुलासारखं लिहिलं, "आज नदीला पाणी कमी आहे." मग पाचवी. मग चौथी. खरं वाटावं म्हणून एकीवर एक मात्रा गाळली, एकीवर एक अक्षर उलटं काढलं. मुलांच्या चुकाही मीच केल्या. तिसरी झाली. दुसरी झाली. तेवढ्यात पाटलांचा आवाज चावडीच्या कोपऱ्यावर आला.

तळाची एक पाटी राहिली होती. पाटलांच्या मुलाची.

पुसून लिहायला वेळ नव्हता. मी वरची लाल दोऱ्याची पाटी उचलली, तळाशी सरकवली, आणि तळाची वर ठेवली. दोन पळांचंही काम नव्हतं.

त्या दोन पळांत मी काही विचार केला नाही, असं मी पुढे कैक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. दोन मुलांपैकी कुणाचा बाप माझ्या अन्नाचा धनी आहे आणि कुणाचा बाप दारातूनच राम राम करून जातो, हा हिशेब माझ्या हातांनी केला. हात माझेच होते.

मुलं आत आली. साहेबांनी पाट्यांचा गठ्ठा आडवा धरून तळापासून सुरुवात केली. "नंबर एक." लाल दोऱ्याची पाटी त्यांनी वर उचलून सगळ्यांना दाखवली. "हे पाहा! पहिलीच्या मुलाचं श्रुतलेखन. शाबास."

साऱ्या वर्गाला ती पाटी कुणाची ते ठाऊक होतं. पाटलांनाही दिसलं. त्यांच्या मुलानं त्या दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बापाकडे. बापानं मान हलवली, तशी त्यानंही हलवली. बाकीच्या पाच मुलांना आपापल्या पाटीवरचं अक्षर आपलं नाही हे कळलं नाही. वाचता येत असतं तर कळलं असतं.

"नंबर सात."

ती उभी राहिली. साहेबांनी पाटी पाहिली, भुवया उंचावल्या. "काय लिहिलंस हे, बाळ? वाच बघू."

तिनं पाटी हातात घेतली. क्षणभर चौकटीवरून बोट फिरवलं, जिथे दोरा असायचा तिथे. मग साहेबांनी सांगितलं म्हणून वाचू लागली. "बा... बा... बा... जा... रा... तू... न..." पूर्ण वाक्य वाचलं. वाचून झाल्यावर माझ्याकडे वळली आणि आपल्या बोलीत म्हणाली, "ई मारी पाटी कोनी."

ही माझी पाटी नाही. मला समजलं. वर्षभरात एवढं तरी कानावरून गेलं होतं. पाटलांनाही समजलं असणार, त्यांच्या शेतात तांड्यावरचे गडी होते.

साहेबांना ती बोली येत नव्हती. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणते?"

पाटील खिडकीबाहेर बघू लागले.

मी म्हणालो, "म्हणते, माझं चुकलं."

साहेबांनी हळहळून तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वाचते चांगली. पण लक्ष नाही. आणखी एक वर्ष पहिलीत बसव, मास्तर." तिला मराठी पुरतं कळत नव्हतं. साहेब हसून हात फिरवत आहेत एवढंच तिला दिसलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आपलं म्हणणं पोचलं असं समजून. मग खाली बसली. पाटी परत मिळेल म्हणून वाट बघत असावी.

साहेबांनी शेरा लिहिला. पहिलीच्या सातांपैकी सहा मुलांनी श्रुतलेखन समाधानकारक केलं. शिक्षक होतकरू आहे. कायम करण्यास हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप आला. "काय म्हनले साहेब?"

"पास झाली नाही," मी म्हणालो. "पण हुशार आहे. एक वर्ष अजून बसव."

तो म्हणाला, "ते तं म्हनते का म्या बराबर लिवलं. पाटी बदलली म्हनते."

"लहान आहे."

"हाव," तो म्हणाला. "लहान हाये." त्यानं वाद घातला नाही. मास्तर खोटं बोलेल हे त्याच्या मनात आलंच नाही, किंवा आलं असेल तरी ते बोलायची त्याची जागा मी त्याला ठेवली नव्हती. जाताना त्यानं लाल दोऱ्याची पाटी मागून घेतली. विकत घेतलेली होती ती.

महिन्यानं मी तिचं नाव खारीज केलं. रजिस्टरात शाळा सोडल्याचं कारण लिहायचा रकाना असतो. 'पालकाची इच्छा' असं लिहिता आलं असतं. मी लिहिलं, "अभ्यासात गती नाही." कुणी विचारलं तर शेऱ्याशी जुळावं म्हणून. हीच ती ओळ.

उन्हाळ्यात मी कायम झालो. लग्न झालं. पाटलीणबाईंनी माझ्या बायकोला चोळी-बांगडी केली.

नंतर मी आणखी सदतीस वर्षं शिकवलं. एकसष्टच्या सुमारास बदली झाली, पुढे जिल्हा परिषद आली, मी जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळा फिरलो. पण चालीवर वाचन मी पुन्हा कधी घेतलं नाही. मुलांना पुस्तकाबाहेरचं वाचायला द्यायचो, काडेपेटीवरचं, एसटीच्या तिकिटावरचं, घरी आलेल्या कार्डावरचं. माझी मुलं खरोखर वाचायची. हाताखालचे शिक्षक ते बघायला येत. निवृत्तीच्या समारंभात एकानं भाषणात विचारलं, ही पद्धत तुम्हाला सुचली कशी? मी म्हणालो, अनुभवानं. शाल-नारळ घेऊन घरी आलो. बायकोला वाटलं निरोपामुळे मन भरून आलंय. तिला मी कधी खरं सांगितलं नाही, आणि आता ती नाही.

दोन वर्षांपूर्वी यवतमाळला माझ्या घरी एक तरुण आला. हातात प्लास्टिकची फाईल. "आजोबा, तुमीच का ते, चावडीतल्या शाळेतले गुर्जी?" जातीच्या दाखल्याला एकसष्टच्या आधीचा पुरावा लागतो. त्याच्या घराण्यात त्या काळी शाळेत गेलेली एकच व्यक्ती होती, ती त्याच्या आजोबांची बहीण; ती माहेरीच राहते, घरचे तिला आजीच म्हणतात. गावच्या शाळेतून त्यानं रजिस्टरातली नोंद काढून आणली होती. काम झालं होतं, दाखला मिळाला होता. तो नुसताच भेटायला आला होता. "आजी म्हने, ते गुर्जी अजून हायेत का पाहून ये."

त्यानं झेरॉक्स माझ्यासमोर धरली. माझं अक्षर. एक जुलै. आणि शेवटच्या रकान्यात ती ओळ.

तो हसून म्हणाला, "घरी सारे तिले चिडवतेत. आजी, तू तं पहिलीतच नापास! ते चिडते लय. म्हनते, म्या बराबर लिवलं होतं, माही पाटी बदलली. साठ वर्सं झाली, हेच म्हनून राह्यली. आता तं कागदच सापडला." मग जरा थांबून म्हणाला, "तुमाले काही आठवते का?"

मी म्हणालो, "फार जुनी गोष्ट. कुठलं आठवतं."

तो चहा पिऊन गेला. म्हणजे साठ वर्षांनी, कसलीही नोकरी, कसलंही लग्न पणाला नसताना, मी पुन्हा तेच केलं. घरच्या घरी तिला नातवंडांपुढे खोटी पाडणारा कागद माझाच, आणि मी म्हणालो आठवत नाही. त्या रात्रीपासून नीट जेवण गेलं नाही, असं काही मी लिहिणार नाही. जेवण गेलं. झोपही लागली. हेच मला अधिक लाजिरवाणं वाटतं. दीड वर्ष असंच गेलं.

मधे मी शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन केला. ओळ दुरुस्त करता येईल का? भला माणूस. म्हणाला, "सर, जुन्या रेकॉर्डवर खाडाखोड चालत नाही. आणि आता त्यांचा दाखलाही झाला. कशाला त्रास घेता?"

गेल्या हिवाळ्यात नातवाला गाडी काढायला सांगून मी तांड्यावर गेलो. आता पक्की घरं आहेत. ती ओट्यावर बसली होती, तूर निवडत. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. "या गुर्जी," म्हणाली. खुर्ची मागवली. घरातली माणसं जमली. तो तरुणही होता.

मी बसलो नाही. उभं राहूनच सांगितलं. पाट्या पुसल्या, डाव्या हातानं लिहिलं, तिची पाटी तळाशी घातली. सगळं सांगितलं.  एक सूनबाई चहाचा ट्रे घेऊन दारात तशीच थांबली.

ती तूर निवडत राहिली. मग म्हणाली, "पाटी बदलली ते मले मालूम होतं. तवाच मालूम होतं." सूप बाजूला ठेवलं. "मले एकच सांगा. म्या तुमाले म्हटलं, हे माही पाटी नाई. तुमी सायबाले काय सांगितलं?"

हे मी सांगितलं नव्हतं. सगळं सांगितलं आणि एवढंच राखून ठेवलं होतं.

"मी सांगितलं," मी म्हणालो, "की ती म्हणते, माझं चुकलं."

तिनं विचारलं, "माह्या तोंडून?"

"हो."

"म्या तं समजली का तुमी बराबर सांगितलं, अन् सायबानंच आयकलं नाई. इतके सालं मी सायबालेच बोल लावला." मग नातवाकडे वळून म्हणाली, "आयकलं ना?" तो खाली बघत होता. "आयकलं, आजी."

मी क्षमा मागितली. तिनं ना हो म्हटलं, ना नाही म्हटलं. चहा झाला. निघताना म्हणाली, "तोंडानं बोललेलं हवेत जाते, गुर्जी. तुमी कागदावर लिवलं होतं, तं हेही कागदावर लिवून द्या. मोठ्या अक्षरात लिवा. मले बारीक दिसत नाई."

म्हणून हे लिहिलं. पहिली प्रत मी स्वतः जाड पेननं, एका ओळीत पाच-सहा शब्द, अशी काढली. हात कापतो, चार आठवडे लागले. नातवाबरोबर जाऊन तिच्या हातात दिली. म्हटलं होतं की वाचून दाखवतो, तर तिनं कागद ओढून घेतले. बोट ठेवून स्वतः वाचू लागली. एकेक अक्षर उचलत, तसंच, जसं तेव्हा कार्ड वाचलं होतं. पहिलं पान वाचायला अर्धा तास लागला. मी समोर बसून होतो. नातवंडंही बसून होती, कुणी हसलं नाही.

पुढे एका पानावर एका ओळीपाशी तिचं बोट थांबलं. मुलं तिला मुकी म्हणत, असं जिथे लिहिलं आहे तिथे.

"मी मुकी नव्हती, गुर्जी," ती म्हणाली. "तुमी मले काही विचारलंच नाई."

मी पेन काढलं, ओळ खोडायला. तिनं माझा हात बाजूला केला. "राहू द्या. खोडू नका." आणि बोट पुढच्या अक्षरावर नेलं.